अक्षय्यता, संरक्षण, संवर्धन, संधारण : ‘ऊर्जासंवर्धन’ या संज्ञेचा अर्थ व प्रयोग

१

भौतिकशास्त्राचा विद्यार्थी ऊर्जेविषयी जो पहिला मोठा नियम शिकतो तो असा की, ऊर्जा निर्माण करता येत नाही व तिचा नाशही करता येत नाही. ती केवळ एका रूपातून दुसऱ्या रूपात जाते. हाच विद्यार्थी नाशिकच्या सातपूर अगर अंबड येथील औद्योगिक वसाहतीत गेला, तर तेथे ऊर्जेची बचत करा, तिचे संवर्धन करा, असा उपदेश त्याच्या कानी पडतो. दर वर्षी १४ डिसेंबर हा दिवस ‘राष्ट्रीय ऊर्जा संवर्धन दिन’ म्हणून पाळला जातो व त्या निमित्ताने शाळाशाळांतून निबंध लिहविले जातात. यावर एखाद्या चिकित्सक विद्यार्थ्याने असे विचारले की, जी वस्तू नष्टच होऊ शकत नाही ती वाचवावयाची कशासाठी, आणि जी निर्माणच होऊ शकत नाही तिचे संवर्धन करावयाचे कसे, तर त्याला उद्धट ठरवून गप्प बसविणे योग्य होणार नाही. त्याचा प्रश्न रास्त आहे. इंग्रजीत या दोन्ही गोष्टींस ‘कॉन्झर्वेशन’ हा एकच शब्द आहे. मराठीत मात्र एकीकडे ‘अक्षय्यता’ व दुसरीकडे ‘संवर्धन’, ‘संरक्षण’, ‘संधारण’, ‘बचत’ असे अनेक शब्द वावरत आहेत. हे शब्द कोठून आले, त्यांच्या अर्थांत अंतर किती, आणि त्यांतील कोणता शब्द कोठे योजावा, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

हा विचार केवळ कोशकारांच्या उपयोगाचा आहे असे मात्र नव्हे. काय राखावयाचे व कोणी राखावयाचे, हे संज्ञेतून स्पष्ट झाले नाही, तर त्या संज्ञेच्या आधाराने केलेले धोरणही अस्पष्ट राहते. आणि अशा अस्पष्टतेचा भार बहुधा दुर्बळांवर पडतो, असे इतिहासावरून दिसते.

२

ऊर्जेच्या अक्षय्यतेचा नियम एकोणिसाव्या शतकातील युरोपात सिद्ध झाला हे खरे. तथापि त्याची पूर्वपीठिका एका अपयशी शोधात आहे, आणि त्या शोधाच्या इतिहासातील एक मानाचे पान आपल्याच प्रदेशाशी निगडित आहे. नाशिकपासून देवगिरीपर्यंतचा मुलूख यादवकाळात सेऊणदेश या नावाने ओळखला जाई. सिन्नर ही यादवांची आरंभीची एक राजधानी होती. या मुलखाला लागून असलेल्या, आजच्या जळगाव जिल्ह्याच्या चाळीसगाव तालुक्यातील पाटण येथे इ. स. १२०७ च्या सुमाराचा एक शिलालेख आहे. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आपल्या आजोबांच्या ग्रंथांचे अध्ययन चालावे म्हणून तेथे मठ स्थापन केला, त्याची हकीकत या लेखात आली आहे. एकोणिसाव्या शतकात डॉ. भाऊ दाजी लाड यांनी हा लेख विद्वानांच्या निदर्शनास आणला.

भास्कराचार्यांचा जन्म शके १०३६ म्हणजे इ. स. १११४ मधील. वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, इ. स. ११५० मध्ये, त्यांनी ‘सिद्धान्तशिरोमणि’ रचला. त्यातील गोलाध्यायाच्या यंत्रप्रकरणात त्यांनी एका ‘स्वयंवह’ यंत्राचे वर्णन केले आहे. हलक्या लाकडाचे एक चक्र घ्यावयाचे. त्यास सारख्या आकाराचे, आतून पोकळ व एकाच दिशेस किंचित कललेले आरे बसवावयाचे. प्रत्येक आऱ्यात निम्म्यापर्यंत पारा भरून त्याचे तोंड बंद करावयाचे. आणि चक्र दोन आधारांवर ठेवावयाचे. एका बाजूस पारा आऱ्यांच्या मुळाकडे येतो, दुसऱ्या बाजूस टोकांकडे धावतो, आणि त्यायोगे ओढले जाऊन चक्र आपोआप फिरत राहते, अशी त्यांची उपपत्ती होती. ही कल्पना सर्वस्वी त्यांची नव्हे, ब्रह्मगुप्ताने इ. स. ६२८ मधील आपल्या ग्रंथात पारा भरलेल्या चक्राचा उल्लेख केलाच होता. भास्कराचार्यांनी पाण्यावर चालणारे आणखी एक चक्रही वर्णिले आहे. त्यात वक्रनळीने वर घेतलेले पाणी चक्राच्या घटिकांत पडते आणि चक्रातून गळालेले पाणी नाळीने पुन्हा कुंडात जाते. बाहेरच्या साह्यावर अवलंबून असलेले यंत्र आणि खरोखर स्वयंवह यंत्र यांत ते भेद करतात, आणि पहिल्यास कमी प्रतीचे मानतात, ही गोष्ट विशेष लक्षणीय आहे.

असे चक्र फिरत राहत नाही. एका बाजूस पारा अक्षापासून दूर असतो हे खरे; परंतु त्या बाजूस भरलेल्या आऱ्यांची संख्या त्या मानाने कमी पडते, आणि दोन्ही बाजूंची परिबले अखेर समतोल होतात. चक्राला धक्का दिला तर ते काही काळ फिरेल व घर्षणाने थांबेल. तरीही हा खटाटोप व्यर्थ गेला असे म्हणता येत नाही. अशी चक्रे पुढे अरबी ग्रंथांत व तेराव्या शतकातील युरोपीय कारागिरांच्या टिपणांत दिसतात, आणि ती कल्पना भारतातून पश्चिमेकडे गेली असावी, असे मत काही इतिहासकारांनी मांडले आहे. प्रवासाचा मार्ग कोणताही असो. शतकानुशतकांच्या अपयशातून अखेर एक निषेधवाक्य निष्पन्न झाले. बाहेरून काही न घेता अखंड काम देणारे यंत्र शक्य नाही, हेच ते वाक्य. १५८६ मध्ये सायमन स्टेव्हिनने उतरणीवरील समतोलाचा नियम या अशक्यतेवरूनच काढून दाखविला. १७७५ मध्ये पॅरिसच्या विज्ञान अकादमीने यापुढे स्वयंवह यंत्रांचे प्रस्ताव तपासावयाचे नाहीत असा निर्णय घेतला. जे साधले नाही त्याची नोंद विज्ञानाने नियम म्हणून केली.

३

या निषेधाला विधायक रूप मिळावयास आणखी पाऊणशे वर्षे लागली. गतिमान वस्तूच्या ठायी काही तरी कायम राहते ही कल्पना लायब्निट्सने १६८६ मध्ये मांडली होती. त्या ‘काही तरी’ला ‘एनर्जी’ हे नाव टॉमस यंगच्या १८०७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या व्याख्यानांत मिळाले. १८२४ मध्ये सादी कार्नो याने उष्णतेच्या यंत्रांविषयी जो निबंध लिहिला त्यात स्वयंवह यंत्राची अशक्यता हेच त्याचे मुख्य प्रमाण होते. मात्र उष्णता स्वतः कायम राहते, अशी त्याची समजूत होती. १८४२ मध्ये मायरने उष्णता व यांत्रिक कार्य यांची तुल्यता प्रतिपादिली, आणि जूलने १८४३ पासून पुढे अनेक प्रयोगांनी तिचे प्रमाण मोजले. २३ जुलै १८४७ रोजी हेल्महोल्ट्स याने बर्लिनच्या भौतिकी सभेपुढे आपला सुप्रसिद्ध निबंध वाचला.

या निबंधाच्या शीर्षकात ऊर्जा हा शब्दच नव्हता. तेथे ‘क्राफ्ट’ म्हणजे बल अगर शक्ती असा शब्द होता, आणि जे होते त्याला ‘एर्हाल्टुंग’ म्हणजे टिकून राहणे असे म्हटले होते. इंग्रजीत त्याचा अनुवाद प्रथम ‘बलाचे कॉन्झर्वेशन’ असाच झाला. फॅरडेने १८५७ मध्ये दिलेल्या व्याख्यानाचे नावही तेच होते. बल व ऊर्जा यांतील घोटाळा रँकिन व विल्यम टॉमसन यांनी १८५० नंतरच्या दशकात दूर केला, आणि तेव्हा ‘ऊर्जेचे कॉन्झर्वेशन’ हा शब्दप्रयोग स्थिर झाला. म्हणजे संज्ञेतील पहिले पद बदलले, दुसरे मात्र तसेच राहिले. ‘कॉन्झर्व्ह’ या क्रियापदाला राखणारा कोणी तरी कर्ता लागतो. निसर्गात मात्र असा कोणी राखणदार बसलेला नाही. पुढे १९१८ मध्ये एमी नोएथर हिने दाखविले की, निसर्गाचे नियम काळानुसार बदलत नाहीत, यातूनच ऊर्जेची अक्षय्यता निष्पन्न होते. राखण्याची क्रिया तेथे नाही. जे आहे ते केवळ अपरिवर्तनीयत्व.

या दृष्टीने पाहता मराठीतील ‘अक्षय्यता’ ही संज्ञा मूळ इंग्रजी संज्ञेपेक्षा काकणभर सरसच म्हणावी लागेल. ‘क्षि’ या धातूपासून ‘क्षय्य’ व ‘क्षेय’ अशी दोन रूपे होतात. पाणिनीने ‘क्षय्य’ हे रूप ‘ज्याचा क्षय करणे शक्य आहे’ या अर्थापुरते राखून ठेवले आहे. ज्याचा क्षय करणे उचित आहे ते ‘क्षेय’. यावरून ‘अक्षय्य’ म्हणजे ज्याचा क्षय करणे शक्यच नाही ते. भौतिकीचा नियम नेमके एवढेच सांगतो. तो अशक्यतेचे विधान करतो, कर्तव्याचा उपदेश करीत नाही. तो मोडावा म्हटले तरी मोडता येत नाही, म्हणून तो पाळण्याचे श्रेयही कोणास मिळत नाही. उलट, ऊर्जेचा अपव्यय करू नये हे वाक्य विध्यर्थी आहे. ते मोडता येते, म्हणूनच सांगावे लागते. पहिला प्रयोग शक्यार्थी व दुसरा विध्यर्थी, हा भेद मनात ठेवला म्हणजे आपल्या चिकित्सक विद्यार्थ्याच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर मिळते.

४

विध्यर्थी ‘कॉन्झर्वेशन’ची वंशावळ निराळी आहे, आणि तिचा उगम प्रयोगशाळेत नसून अरण्यात आहे. विलक्षण योगायोग असा की, ज्या १८४७ साली हेल्महोल्ट्सने बर्लिनमध्ये आपला निबंध वाचला, त्याच साली मुंबई इलाख्यात डॉ. अलेक्झांडर गिब्सन यांची ‘कॉन्झर्वेटर ऑफ फॉरेस्ट्स’ या पदावर नेमणूक झाली. दापोडीच्या वनस्पती-उद्यानाचे ते अधीक्षक होते. या दोन घटनांचा परस्परांशी काडीचाही संबंध नाही; एकाच शब्दाचे दोन प्रवाह एकाच वर्षी दोन ठिकाणी वाहू लागले, एवढेच.

या पदाचे आजचे मराठी नाव ‘वनसंरक्षक’ असे असून नाशिकच्या वनवृत्तातही तेच प्रचलित आहे. परंतु संरक्षण म्हटले की, कोणापासून संरक्षण, हा प्रश्न ओघानेच येतो. १८६५ व १८७८ च्या वनकायद्यांनी जंगलावरील सरकारचा अधिकार पक्का केला. त्यामुळे सह्याद्रीच्या कडेकपारीतील शेतकऱ्यांना, भात-नागलीच्या रोपांसाठी झाडांच्या फांद्या तोडून जमीन भाजण्याच्या राब-पद्धतीवर निर्बंध सोसावे लागले. ठाणे व कुलाबा जिल्ह्यांत याविषयी इतका असंतोष माजला की, सरकारला १८८५ मध्ये मुंबई वन आयोग नेमावा लागला. वन वाचले पाहिजे याविषयी दुमत नव्हते. वन कोणासाठी वाचवावयाचे व त्यासाठी कोणी उणे राहावयाचे, हा वाद होता.

हा शब्द येथून पुढे गेला तो अमेरिकेत. तेथील वनविभागाचे प्रमुख गिफर्ड पिंचो यांनी १९०७ च्या सुमारास जंगल, पाणी, जमीन व खनिजे या सर्वांच्या विवेकपूर्ण वापरासाठी एकच व्यापक संज्ञा शोधली व ती ‘कॉन्झर्वेशन’ अशी ठरविली. ब्रिटिश हिंदुस्थानातील सरकारी वनप्रदेशांस ‘कॉन्झर्वन्सी’ व त्यांच्या अधिकाऱ्यांस ‘कॉन्झर्वेटर’ म्हणत, हे त्या वेळी त्यांच्या मनात होते, असे त्यांनी १९४७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्रात नमूद केले आहे. म्हणजे आज जी संज्ञा आपण पश्चिमेकडून घेतलेली समजतो, तिच्या अर्थाची एक मुळी आपल्याच देशातील जंगलखात्यात रुजलेली आहे.

ही संज्ञा ऊर्जेस लागली ती १९७३ च्या तेलसंकटानंतर. तोवर ‘इंधनाची काटकसर’ असे शब्द पुरेसे वाटत. १९७८ मध्ये केंद्र सरकारने पेट्रोलियम कॉन्झर्वेशन रिसर्च असोसिएशनची स्थापना केली. महाराष्ट्रात १९८५ मध्ये महाराष्ट्र ऊर्जा विकास अभिकरण, अर्थात ‘महाऊर्जा’, ही संस्था नोंदली गेली. आणि २००१ मध्ये संसदेने या विषयावर स्वतंत्र अधिनियम केला, तो १ मार्च २००२ पासून अमलात आला. या अधिनियमाचे हिंदी नाव ‘ऊर्जा संरक्षण अधिनियम’ असे आहे, तर मराठीत ‘ऊर्जा संवर्धन’ असा प्रयोग रूढ झाला. अधिनियमाच्या उद्देशिकेत ऊर्जेचा कार्यक्षम वापर आणि तिचे कॉन्झर्वेशन अशा दोन गोष्टी वेगवेगळ्या उल्लेखिल्या आहेत, हेही ध्यानात घेण्याजोगे आहे. कार्यक्षम वापर म्हणजेच कॉन्झर्वेशन असे कायद्याने मानलेले दिसत नाही.

५

आता मूळ प्रश्नाकडे वळू. ऊर्जा जर नष्ट होत नाही, तर अपव्यय होतो तो कशाचा? याचे उत्तर देण्यासाठी नाशिकरोडजवळ, गोदावरीच्या काठी असलेल्या एकलहरे येथील औष्णिक वीज केंद्राचे उदाहरण घेऊ. तेथे १९७० च्या दशकाच्या आरंभी प्रत्येकी १४० मेगावॅटचे दोन संच उभे राहिले व १९७९ ते १९८१ या काळात प्रत्येकी २१० मेगावॅटच्या तीन संचांची त्यांत भर पडली. पहिले दोन संच आपले आयुष्य संपल्यावर बंद करण्यात आले. २१० मेगावॅटच्या संचांबाबत आपल्या देशात धरले जाणारे प्रमाण असे की, एक किलोवॅट-तास वीज निर्माण करण्यास कोळशाची सुमारे २,५०० किलोकॅलरी उष्णता लागते. एक किलोवॅट-तास म्हणजे ८६० किलोकॅलरी. याचा अर्थ, कोळशातून मिळालेल्या दर १०० भाग उष्णतेपैकी सुमारे ३४ भाग विजेच्या रूपाने बाहेर पडतात. उरलेल्या ६६ भागांपैकी मोठा हिस्सा कंडेन्सरमधून थंड करणाऱ्या पाण्यात व त्या पाण्यावाटे शीतकरण-मनोऱ्यांतून हवेत जातो. काही भाग धुराड्यातून जातो. या सर्वांची बेरीज केली तर ती १०० च भरते. अक्षय्यतेचा नियम काटेकोर पाळला जातो; हिशेबात एक कॅलरीही कमी पडत नाही.

तथापि मनोऱ्यातून हवेत गेलेल्या त्या उष्णतेवर एखादा पंखाही फिरविता येणार नाही. कारण ती सभोवतालच्या हवेपेक्षा फार तर थोड्या अंशांनी अधिक उष्ण असते, आणि उष्णतेपासून कार्य मिळवावयाचे तर तापमानातील अंतर लागते. १८५२ मध्ये टॉमसनने यास यांत्रिक ऊर्जेचे विकिरण, विखुरणे, असे नाव दिले. १८६५ मध्ये क्लॉसियसने ‘एंट्रॉपी’ ही राशी कल्पून हीच गोष्ट गणिताच्या भाषेत सांगितली. विश्वाची ऊर्जा कायम, पण एंट्रॉपी वाढत जाणारी, हे ऊष्मागतिकीचे दोन नियम होत. पहिला परिमाणाविषयी बोलतो, दुसरा प्रतीविषयी. ऊर्जेचा जो अंश दिलेल्या परिस्थितीत कार्यास लावता येतो, त्याला १९५६ मध्ये झोरान रांट या अभियंत्याने ‘एक्सर्जी’ असे नाव सुचविले. आपण त्यास ऊर्जेची उपयोगक्षमता म्हणू. ऊर्जा अक्षय्य आहे. उपयोगक्षमता मात्र क्षय्य आहे, आणि प्रत्येक प्रत्यक्ष व्यवहारात तिचा थोडाबहुत क्षय होतोच. वाचवावयाची ती ही.

घरगुती उदाहरणाने हे अधिक स्पष्ट होईल. थंडीच्या दिवसांत नाशिककरास स्नानासाठी एक बादली, म्हणजे सुमारे २० लिटर, पाणी २० अंशांवरून ४० अंशांवर तापवावयाचे आहे. यास ४०० किलोकॅलरी उष्णता लागते. ती विजेच्या तापकाने दिली तर जवळजवळ अर्धा युनिट वीज लागते, आणि वीज केंद्रात त्यापोटी सुमारे १,१५० किलोकॅलरीचा कोळसा जळतो. तारांतील गळती आणखी वेगळी. तेच पाणी ६० टक्के कार्यक्षमतेच्या गॅसच्या शेगडीवर तापविले तर सुमारे ६७० किलोकॅलरी पुरतात. छपरावरील सौर बंबाने तापविले तर इंधन जवळजवळ लागतच नाही. विजेचा तापक जवळजवळ शंभर टक्के कार्यक्षम आहे असे विक्रेता सांगतो, आणि पहिल्या नियमाच्या दृष्टीने तो खोटे बोलत नाही. परंतु अत्यंत उच्च प्रतीची ऊर्जा अत्यंत हीन प्रतीच्या कामास लावल्याने जी उपयोगक्षमता हरपते, ती या टक्केवारीत दिसत नाही. एका मीटरवर मोजलेली कार्यक्षमता व साऱ्या साखळीत राखलेली उपयोगक्षमता या भिन्न गोष्टी आहेत, आणि कायद्याच्या उद्देशिकेत दोन शब्द वेगळे का असावेत, याचे समर्थनही यात सापडते.

६

याच भेदाचा दुसरा दाखला नाशिक जिल्ह्याच्या सीमेलगत आहे. अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्याच्या अकोले तालुक्यातील घाटघर येथे सह्याद्रीच्या माथ्यावर एक जलाशय व कोकणाच्या बाजूस खाली दुसरा, अशी उदंचन जलविद्युत योजना असून तिचे प्रत्येकी १२५ मेगावॅटचे दोन संच २००८ मध्ये कार्यान्वित झाले. विजेची मागणी मंदावते तेव्हा खालचे पाणी पंपांनी सुमारे ४०० मीटर वर चढवावयाचे, आणि मागणी वाढते तेव्हा तेच पाणी खाली सोडून वीज घ्यावयाची, अशी तिची रीत आहे. भास्कराचार्यांच्या कुंड, नळी व चक्र यांची आठवण येथे झाल्यावाचून राहत नाही. पण ही योजना स्वयंवह नाही. भास्कराचार्यांच्याच शब्दांत सांगावयाचे तर ती ‘सापेक्ष’ आहे. अशा योजनांत पाणी चढविण्यास जेवढी वीज लागते, तिचा साधारणतः पाऊण हिस्साच परत मिळतो. राहिलेला भाग घर्षणात व उष्णतेत विखुरतो.

मग असे तोट्याचे काम कशासाठी करावयाचे? केवळ बेरीज-वजाबाकी पाहणाऱ्यास ही योजना ऊर्जेची उधळपट्टी वाटेल. परंतु नको त्या वेळची वीज ती हव्या त्या वेळेपर्यंत धरून ठेवते. जी ऊर्जा अवेळी मिळते तिची उपयोगक्षमता समाजाच्या दृष्टीने अल्प असते, आणि ती धरून ठेवण्यासाठी काही मोल द्यावेच लागते. येथे जी क्रिया घडते ती संवर्धनाची नाही, कारण काहीच वाढत नाही. ती संरक्षणाचीही नाही, कारण कोणापासून काही राखावयाचे नाही. ती आहे धारणाची.

७

यावरून शब्दनिर्णयाकडे येता येईल. ‘कॉन्झर्वेशन’साठी मराठीने विषयागणिक निराळे शब्द योजिले आहेत. जंगलाच्या बाबतीत अधिकाऱ्याला वनसंरक्षक, तर झाडे वाढविण्याच्या विद्येला वनसंवर्धन म्हणतात; माती व पाणी यांच्या बाबतीत मात्र मृद्‌संधारण व जलसंधारण असे म्हणतात. ही निवड अर्थाला धरून आहे. झाड वाढते, म्हणून त्याचे संवर्धन होऊ शकते. पाणी वाढत नाही; ते धरावे लागते. १९४२ च्या मुंबई जमीन सुधारणा योजना अधिनियमापासून आपल्याकडे बांधबंदिस्तीची जी कामे झाली, त्यांचे तत्त्व हेच आहे की, वाहून जाणाऱ्या पाण्याला व मातीला बांधाने थोपवावे. बागलाण-मालेगावच्या बाजूस मोसम व आरम या नद्यांवर बंधारे घालून पाटांनी फडांना पाळीपाळीने पाणी देण्याची जी जुनी फडपद्धती आहे, तीत तर नदीचा उतारच कामाला लावलेला असतो, आणि मोटेचे श्रम लागत नाहीत. ऊर्जेचे परिभाषाकोश निघण्यापूर्वी कित्येक शतके शेतकऱ्याने उपयोगक्षमतेचा विचार हाताने करून ठेवला होता, असे म्हणावयास हरकत नाही.

पाण्याचे हे साम्य वरवरचे नाही. पावसाचे पाणी समुद्राला मिळाले म्हणून नष्ट होत नाही. जलचक्रात त्याची बेरीज कायमच असते. तरी पण डोंगरावरून एका तासात निघून गेलेले पाणी आणि बांधाआड महिनाभर मुरलेले पाणी शेतकऱ्याच्या लेखी सारखे नाही. पाणी नष्ट होत नाही, म्हणून ते अडवू नये, असा युक्तिवाद कोणताही शेतकरी मान्य करणार नाही. ऊर्जेचेही तसेच आहे. ती उच्च प्रतीकडून हीन प्रतीकडे अखंड वाहत आहे. तो प्रवाह उलटविता येत नाही, थांबविताही येत नाही. वाटेत तिला शक्य तेवढी धरून, तिच्याकडून शक्य तेवढे काम करवून मग तिला पुढे जाऊ द्यावे, एवढेच मनुष्याच्या हाती आहे. याला जर एका शब्दात सांगावयाचे असेल, तर ‘ऊर्जासंधारण’ हा शब्द ‘ऊर्जासंवर्धन’ या शब्दापेक्षा अधिक सार्थ ठरतो. तो नवा नाही. तुरळक प्रमाणात तो मराठीत योजिलाही जातो. शासकीय व्यवहारात ‘संवर्धन’ रूढ झाला आहे व रूढीचे बळ मोठे असते, हे मान्य करूनही, निदान विद्यापीठीय लेखनात भौतिक नियमासाठी ‘अक्षय्यता’, यंत्राच्या गुणासाठी ‘कार्यक्षमता’, आणि मानवी प्रयत्नासाठी ‘संधारण’ अशी त्रिविध योजना करावी, असे आम्ही सुचवितो.

येथे एक सावधगिरी अवश्य आहे. संधारण आणि कपात या एकच गोष्टी नव्हेत. २००५ च्या पुढील काही वर्षांत महाराष्ट्राच्या ग्रामीण भागाने दीर्घ भारनियमन सोसले. त्या काळात शेतकऱ्याच्या पंपाने जी वीज वापरली नाही तिला कोणी ऊर्जेची बचत म्हणू लागला, तर तो शब्दाचा दुरुपयोग होईल. ज्या कामासाठी ऊर्जा हवी ते कामच घडले नाही, तर राखले काय? राबावर निर्बंध घालून झालेल्या वनसंरक्षणाची जी उणीव १८८५ च्या आयोगापुढे आली, तिचीच ही आवृत्ती होय. तेच काम कमी उपयोगक्षमता खर्चून करणे हे संधारण. काम सोडून देण्यास लावणे ही कपात. कपात कधी कधी अटळ असते, पण तिला तिच्या नावानेच हाक मारली पाहिजे. नाही तर कोणी किती सोसले याचा हिशेब कधीच मांडला जाणार नाही.

आपल्या चिकित्सक विद्यार्थ्यास आता उत्तर देता येईल. ऊर्जा वाचवा, हे वाक्य अक्षरशः घेतले तर निरर्थक आहे, हे त्याचे म्हणणे बरोबर आहे. परंतु ते सोडून देण्याजोगे नाही, दुरुस्त करण्याजोगे आहे. पाटणच्या मठात ज्यांच्या ग्रंथांचे अध्ययन व्हावे म्हणून चांगदेवाने व्यवस्था केली, त्या भास्कराचार्यांना कोणाच्याही साह्यावाचून फिरणारे चक्र हवे होते. तसे चक्र नाही, हे आज आपण जाणतो. प्रत्येक चक्र कोणत्या तरी कोळशावर, पाण्यावर, उन्हावर आणि श्रमावर चालते. ते कशावर चालते, व त्याचे मोल कोण देतो, हे विचारणे हाच ऊर्जासंधारणाच्या अभ्यासाचा आरंभ होय.